नाव ठाऊक नसलेले पुस्तक

ज्या पुस्तकाचे नावच कधी कानांवर आलेले नाही, ते मागावे तरी कसे? वाचनाची गोडी लागलेल्या प्रत्येक मुलापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. ग्रंथालयातील कपाटे भरलेली असतात, मागेल ते पुस्तक काढून देण्यास ग्रंथपाल तत्पर असतात. परंतु मागणारा मात्र ओळखीच्या चार नावांभोवतीच घुटमळत राहतो. गोष्टी वाचणारा पुन्हा गोष्टीच मागतो. चरित्रांच्या कपाटाकडे त्याची पावले वळत नाहीत; मग तत्त्वज्ञान, कला किंवा परप्रांतीयांचे वाङ्मय यांची वार्ताच नको. जे पुस्तक वाचावयाचे राहिले आहे, ते आज ना उद्या हाती येईल. परंतु जे आहे हेच ठाऊक नाही, त्याची वाट कोण पाहणार?

सुमारे शंभर वर्षांपूर्वी खानदेशातील मुलांपुढे ही अडचण फार मोठी होती. जळगावास १८७७ साली वाचनालय स्थापन झाले होते. शहरातील जाणत्या वाचकांची तेथे सोय होती. परंतु कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतांतून वाट काढीत शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी आलेल्या मुलाला शाळेच्या पुस्तकांपलीकडचे जग कोणी दाखवावे?

बोरी नदीच्या काठी वसलेले अमळनेर हे असेच एक तालुक्याचे गाव. संत सखाराम महाराजांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ते पूज्य वाटते. श्रीमंत प्रतापशेठ यांनी तेथे कापडाची गिरणी चालविली आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिराचीही स्थापना केली. या मंदिरात अभ्यास करण्यासाठी १९२३ साली एक तरुण आला. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. ग्रंथांच्या सहवासात आयुष्य घालविण्याची अनुकूलता त्याला तेथे होती. परंतु पुढच्याच वर्षी तो गावातील हायस्कुलात शिक्षक झाला. नंतर छात्रालयाची जबाबदारीही त्याच्याकडे आली आणि मुलांनी त्याला आपले मानले. महाराष्ट्र पुढे ज्यांना साने गुरुजी म्हणून ओळखू लागला, ते गुरुजी या छात्रालयात घडले.

गुरुजींचे वाचन अफाट होते. इतिहास, काव्य, चरित्रे, धर्म, समाजशास्त्र, देशोदेशींच्या कथा यांपैकी कोणताही विषय त्यांना परका नव्हता. परंतु वाचलेले आपल्यापाशीच ठेवावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणून त्यांनी 'छात्रालय दैनिक' सुरू केले. या दैनिकाला छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती आणि जाहिरातीही नव्हत्या. गुरुजी स्वतःच्या हाताने ते लिहून काढीत आणि छात्रालयातील मुले ते वाचीत. आपल्या वाचनात आलेले थोरांचे जीवन, एखादा सुंदर विचार, दूरच्या देशातील घडामोड असे काही ना काही त्यात असे. दिवसभर शिकवावयाचे, मुलांची सेवाशुश्रूषा करावयाची, आणि तरीही लिहावयाचे, हे कष्ट त्यांनी आनंदाने पत्करले. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले, त्यामागेही हीच तळमळ होती.

पुस्तके वाचा, असा उपदेश करणे सोपे असते. मुले तो ऐकतात आणि विसरतात. परंतु आपल्याला जे सापडले त्याचा आनंद ज्याच्या चेहऱ्यावर दिसतो, त्याच्या मागोमाग जावेसे वाटते. कपाटातील पुस्तक मुके असते. त्याची ओळख करून देणारा भेटला, म्हणजे त्याला वाचा फुटते.

पुढे १९३० साल उजाडले. मिठाच्या सत्याग्रहाची हाक देशभर दुमदुमली आणि गुरुजींनी शाळा सोडली. दररोज नव्या जगाची ओळख करून देणारा हात मुलांपासून दूर गेला. त्यांच्या मनांत केवढी पोकळी निर्माण झाली असेल! गुरुजींना प्रथम धुळ्याच्या व नंतर त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्रिचनापल्लीस एक नवलच घडले. अमळनेरच्या मुलांना पुस्तकांची नावे सांगणारे गुरुजी येथे स्वतःच नवखे विद्यार्थी झाले. भोवतालची भाषा निराळी, लिपी निराळी. दाक्षिणात्य बंदीबांधवांच्या सहवासात त्यांना तामीळ भाषेची गोडी लागली आणि तिरुवल्लुवरांच्या 'कुरल' या प्राचीन ग्रंथाचा परिचय झाला. तो परिचय त्यांनी आपल्यापुरता ठेवला नाही. 'कुरल' त्यांनी मराठीत आणला. टॉलस्टॉयचा कलेविषयीचा ग्रंथही त्यांनी पुढे मराठी वाचकांच्या हाती दिला. छात्रालयातील दैनिक बंद पडले होते. त्याचा वाचकवर्ग मात्र आता महाराष्ट्राएवढा विस्तारला होता.

१९३२ साली गुरुजी पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात आले. त्याच तुरुंगात विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा बोलत होते. बोललेले शब्द तुरुंगाच्या भिंतींत विरून जाण्याचा संभव होता. परंतु श्रोत्यांमध्ये गुरुजी बसले होते आणि त्यांची लेखणी ते शब्द टिपून घेत होती. मुलांसाठी भराभर लिहिण्याचा सराव त्या हाताला झालेलाच होता! त्या टिपणांतून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. आज तो भारतातील अनेक भाषांत वाचला जातो. ज्या पुस्तकाचे नाव तोपर्यंत कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते, कारण ते जन्मालाच आले नव्हते, ते पुस्तक पांझरेच्या काठच्या या गावी, बंदिवासात, एकाच्या वाणीने आणि दुसऱ्याच्या लेखणीने जगाला मिळाले.

आता पुस्तकांची वाण राहिलेली नाही. गावोगावी वाचनालये झाली, शाळाशाळांतून ग्रंथांच्या पेट्या आल्या. तरीही मूळची अडचण सरलेली नाही. पुस्तके वाढली, तशी ठाऊक नसलेल्या पुस्तकांची संख्याही वाढली. म्हणून छात्रालयातील त्या दैनिकाची आठवण जुनी होत नाही. आपल्याला एखादे चांगले पुस्तक लाभते, तेव्हा ते बहुधा कोणी तरी आपल्यापर्यंत आणून पोहोचविलेले असते. त्या उपकाराची फेड त्याच माणसाकडे करता येत नाही. ती पुढच्या वाचकाकडेच करावी लागते. शेजारच्या बाकावरील मित्राने ज्याचे नाव कधी ऐकलेले नाही, असे एखादे पुस्तक आपल्या वाचनात आले असेल, तर त्याला ते आजच सांगावे. त्यासाठी छापखाना लागत नाही.