एकाच भगुन्यात

डॉक्टर म्हणाले, "आईला सूप देत जा. चिकनचं. भाज्या घालून."

आय बाकड्यावर बसली होती. तोंडाला पदर. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सूप कशाला रं? घरी हाय की, भितीला टांगलेलं."

मी हसलो. आयबी हसली, आणि हसता हसता जी खोकायला लागली ती रस्ता ओलांडेपर्यंत थांबली नाही.

आमच्या घरात सूप म्हणजे पाखडायचं. आयनं उभ्या जल्मात त्या सुपानं दुसऱ्याचीच ज्वारी पाखडली. दाणे मालकाच्या पोत्यात, भुसकट वाऱ्यावर आणि तळाशी उरलेलं मातेरं आमच्या पदरात. ते मातेरं निवडून, धुऊन, दळून आम्ही खाल्लं. तर असं हे सूप. दुसरं सूप आमच्या घरी कधी शिजलं नव्हतं.

मी दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगार. मिलवर. गव्हाणीतून ऊस येतो, रोलर त्याला पिळतात, रस पुढं जातो, चिपाड मागं उरतं. चिपाडाला कारखान्यात बगॅस म्हणायचं. ते बॉयलरमध्ये जातं. शाळा दहावीला सुटली. पुढचं शिक्षण रद्दीतल्या पुस्तकांचं आणि रात्रपाळीचं. हंगाम संपला की मिल बंद, पगार बंद. मग मी शिरूरला खोली घेऊन रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं जातो. पुन्हा बॉयलर पेटला, मोळी पडली, की दौंड.

गेल्या ऑगस्टमध्ये आयच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. वजन भरलं ३४ किलो. कापसाचं गाठोडं काट्यावर ठेवावं तशी ती उभी होती. सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. आयनं पहिल्या दिवशी ते बघून मला सांगितलंच नाही. म्हटलं का? तर म्हणे, "तू कामावनं सुट्टी घेशील."

दौंडात तिच्याजवळ कुणी नव्हतं. बाप जाऊन नऊ वर्षं झाली, आक्का सासरी. म्हणून तिला शिरूरला खोलीवर आणलं. आणि सूप करायला बसलो.

मला काय येत होतं? काहीच नाही. पंचवीस वर्षांचा घोडा, पण चुलीपाशी कधी बसलो नव्हतो. आमच्यात बाई करते आणि बाप्या खातो. वर्णव्यवस्थेवर कविता करणारा मी, ताटावर बसलो की बाप्याच असायचो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

कोंबडी घरात शिजायची वर्षातनं तीन-चारदा. आखाडात, नाहीतर पाव्हणा आला तर. एक कोंबडी आणि सात-आठ तोंडं. आय भगुनं उतरवायची आणि वाटण्या करायची. पाव्हण्याला आणि बापाला मोठे तुकडे. मला तंगडी. आक्काला मान. आयला? आय भगुन्याला लागलेल्या रश्श्यात भाकरी फिरवायची. मी एकदा विचारलं होतं, "आय, तुला तुकडा?" ती म्हणाली, "सगळी ताकद पाण्यात उतरती. मला पाणी भारी लागतं." मी खूश होऊन तंगडी ओढली.

आमच्या लोकांच्या ताटाचा इतिहास मोठा आहे. मेलेलं ढोर ओढायचं, त्याचं मांस खायचं, उरलेल्याच्या पट्ट्या कापून वाळवायच्या. त्या चान्या. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आमच्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडलं. त्या काळच्या रांधण्याची नोंद कुठल्या घरंदाज पाकपुस्तकात सापडत नाही. शाहू पाटोळ्यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरातलं शिजणं कागदावर आणलं. त्याच २०१५ साली राज्यात बैल कापण्यावर बंदी आली आणि गरिबाचं स्वस्त मांस गेलं. उरली ती पोल्ट्रीची ब्रॉयलर कोंबडी. शेडात सहा आठवड्यांत वाढणारी. आता तीच आमची.

शिरूरच्या खोलीवर तिसऱ्या दिवशी वास गेला. मालक दारात आला. म्हणाला, "आमच्यात हे चालत नाही. आधी सांगायचं होतं." काय आधी सांगायचं होतं ते त्यानं बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. भिंतीकडं तोंड करून आय गोधडीखाली खोकला दाबत होती. आठ दिवसांत खोली सोडली.

एसटीत आय खिडकीशी बसली होती, मांडीवर भगुनं. माझ्या डोक्यात इनामगाव. याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथली माती उकरली. खाली तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. चुली निघाल्या, भांडी निघाली, जव आणि मसूर निघाली, जनावरांची हाडं निघाली. गायीबैलांची हाडं, कापल्याच्या खुणा असलेली. एक पाच खोल्यांचं मोठं घर निघालं आणि शेजारी धान्याचं कोठार. म्हणजे कोठाराजवळ कोण आणि कोठारापासून लांब कोण, हे तेव्हाच ठरायला लागलं होतं. पण शिजलेल्या मांसाचा वास घेत कुणी दारात उभं राहिलं होतं का, ते हाडांवर लिहिलेलं नाही.

दौंडात आलो. वस्तीत बातमी आधीच पोचली होती. शेजारची म्हातारी चांगल्या मनानं म्हणाली, "तिचं ताट-तांब्या येगळा ठेव बाबा, तुझं लगीन व्हायचंय." दुसऱ्या दिवशी बघतो तर आयनंच आपली ताटली, वाटी, तांब्या वेगळा काढून मोरीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला.

ती पालथी वाटी बघून मला जे झालं ते सांगता येत नाही. हॉटेलाच्या बाहेर खुंटीला टांगलेल्या वेगळ्या कपाची गोष्ट मी आज्याकडनं ऐकली होती. त्या कपाविरुद्ध आम्ही चार पिढ्या भांडलो. आणि आता आमच्याच घरात, आमच्याच आयनं, आपल्या हातानं आपला कप वेगळा टांगला होता.

गोळ्या द्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भांड्यानं क्षय होत नाही. खोकल्यातनं, हवेतनं होतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर कापड धरायला सांगा, गोळ्या चुकवू नका. काही आठवड्यांत तिच्यापासून धोका कमी होतो. ताट वेगळं करून काय मिळणार?" मग भगुन्यात डोकावून म्हणाल्या, "आणि नुसतं पाणी देताय होय? पाण्यात काय नसतं दादा. तुकडा खाऊ दे तिला."

मी मिलवरचा माणूस. मला वाटायचं, पिळलं की सगळा जीव रसात उतरतो आणि मागं उरतं ते चिपाड. उसाचं तसं आहे. कोंबडीचं उलटं. पाण्यात उतरतं मीठ, चव, थोडी चरबी आणि हाडाकातड्याचा थोडा चिकटपणा. अंग भरून काढणारी प्रथिनं बहुतेक सगळी मांसातच राहतात. १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत साधारण २५ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम. म्हणजे आय जन्मभर जे पीत आली ते चवीचं पाणी होतं. ताकद आमच्या ताटात होती. माझ्या तंगडीत होती.

नंतर वाचलं. झारखंडात क्षयरोग्यांना आणि त्यांच्या घरच्यांना धान्य, डाळ देऊन मोठा अभ्यास केला, तो २०२३ साली छापून आला. पुरेसं अन्न मिळालेल्या घरांत बाकीच्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. आणि ज्या रोग्याचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढलं, त्याचा मरणाचा धोका ६१ टक्क्यांनी कमी. ३४ किलोचे ५ टक्के म्हणजे पावणेदोन किलो. माझ्या आयचा जीव पावणेदोन किलोवर आला होता.

पण तिला तुकडा खायला लावणं सोपं नव्हतं. वाटीत घातला की ती रस्सा प्यायची आणि तुकडा हळूच परत भगुन्यात. विचारलं की म्हणायची, "चावत न्हाई." रागावलो तर म्हणायची, "तू मिलवर उभा ऱ्हातोस आठ तास." चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप निवडतो, चांगलं तिकडं, उरलेलं इकडं. पाखडायचं सूप तिच्या हातातच बसलं होतं.

तेव्हा मी असं सूप शोधलं की ज्यात काही निवडताच येऊ नये. ते असं:

अर्धा किलो चिकन, हाडासकट. दुकानदाराकडनं चार-पाच पाय मागून घ्यायचे, स्वस्तात देतो. पाय जाळावर धरायचे, वरची पिवळी साल सोलायची, नखं तोडायची. भगुन्यात चमचाभर तेल, एक कांदा चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि आलं ठेचून. कांदा मऊ झाला की हळद, मीठ, पाच-सहा मिरी ठेचून, आणि चिकन-पाय टाकायचे. झाकण ठेवून कोंबडीला अंगचं पाणी सुटू द्यायचं. मग मूठभर धुतलेली मसूर डाळ, दोन टोमॅटो, दोन तांबे गरम पाणी. उकळी आली की वरचा फेस काढून टाकायचा आणि जाळ बारीक करायचा. ब्रॉयलर पंचवीस मिनिटांत शिजतो. गावरान असेल तर तासभर, म्हातारी असेल तर जास्त.

आता मुख्य काम. तुकडे बाहेर काढून निवले की सगळं मांस हाडापासून सोडवायचं. हाडं आणि पाय पुन्हा भगुन्यात, त्यांच्याबरोबर अर्धा दुधी आणि दोन गाजरं बारीक चिरून. शेवग्याची एक शेंगही टाकायची. वीस मिनिटं. मग हाडं, पाय मोजून बाहेर काढायचे, बारीक हाड राहता कामा नये. शेंगेचा गर खरवडून घ्यायचा. दुधी-गाजर पळीनं घोटायचं. मांस बोटांनी कुस्करून, अगदी दोरे दोरे करून परत आत. शेवटी दोन चमचे ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून ओतायचं, ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. पाच मिनिटं शिजू द्यायचं. वर कोथिंबीर, लिंबू. एकच भगुनं, एकच शेगडी, गॅस कमी. फ्रिज नसेल तर रात्रभर ठेवू नये.

पहिल्यांदा दिलं तेव्हा आयनं वाटीत चमचा फिरवला. एकदा, दोनदा. तुकडा शोधत होती, काढून ठेवायला. सापडला नाही. म्हणाली, "हे तर हुलग्याच्या माडग्यासारखं दिसतंय की रं." म्हटलं, "माडगंच समज." आणि तिची मोरीतली वाटी मी माझ्या पुढ्यात ओढली, माझी तिला दिली. ती घाबरून "आरं, आरं" करीत राहिली. मी तिच्या वाटीतनं प्यायलो.

क्षयाच्या माणसाला सरकार खुराकाला पैसे देतं. २०१८ साली निक्षय पोषण योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. हजारात महिन्याभराची कोंबडी येत नाही. आठवड्यातनं दोनदा कोंबडी, बाकी दिवस त्याच भगुन्यात डाळ, भाजी आणि अंडं फोडून. दोन महिन्यांनी काटा ३६ वर गेला. आय काट्यावरनं उतरेना. ताईंना म्हणाली, "परत एकदा बघा, चप्पल घातलीया मी." चप्पल काढून बघितलं. ३६ च.

मग हंगाम लागला. मोळी पडली, पाळ्या सुरू झाल्या. आता फेब्रुवारी, गोळ्यांचा शेवटचा महिना. परवा बारा ते आठची पाळी करून घरी आलो तर दारातच वास. आयनं स्वतः केलं होतं. खिडकी सताड उघडी. दोन वाट्या भरल्या, दोन्ही एकसारख्या, कुठली कुणाची ते सांगता येऊ नये अशा.

मी खाली बसलो. तिची पाठ वळल्यावर चमचा घेऊन तिच्या वाटीत हळूच तळापर्यंत फिरवायला लागलो.

आय वळलीच नाही. चुलीकडं तोंड करूनच म्हणाली, "बघू नगं. हाय माझ्यात बी."