बाबांची बटणं



बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज थोडं लिहितो. विषय आजारपणाचा आहे, पण ज्यांचे आईवडील इकडे येऊन-जाऊन असतात त्यांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आई-बाबा सुपर व्हिसावर आमच्याकडे मिसिसागाला आले. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले, सांगलीकडचे, वय ७१. आल्यापासून सकाळी तयार व्हायला त्यांना अर्धा तास लागायचा. शर्टाची बटणं काही केल्या लागायची नाहीत आणि आई लावायला पुढे झाली की चिडायचे. पायातली चप्पल निघून मागे राहायची, पत्ता नसायचा. मग बर्फ पडलं आणि आम्हाला आयतं कारण मिळालं. जड बूट, निसरडे फूटपाथ, वय. मी तर एकदा वैतागून म्हणालो, "बाबा, जरा पाय उचलून चाला ना!" ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

वॉक-इन क्लिनिकमध्ये पाच मिनिटांत निकाल लागला: शुगर आहे, तेव्हा पायाच्या नसा. मान दुखत नव्हती, त्यामुळे मानेकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

जानेवारीत पैसे भरून एका न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं. त्यांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली आणि पाय ताडकन उडाला. मला वाटलं, चला, नसा ठणठणीत दिसतायत! त्यांचा चेहरा मात्र गंभीर झाला. मग बाबांच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. तळपायावर किल्लीसारखं काहीतरी ओढलं, तर पायाचा अंगठा खाली जायच्या ऐवजी वर गेला. ही खूण बाबिन्स्कीने १८९६ मध्ये सांगितली. तेव्हा ना स्कॅन ना काही.

माझ्या इंजिनियरी डोक्यात साधं चित्र होतं. मेंदू हुकूम सोडतो, वायरमधून तो स्नायूपर्यंत जातो, वायर तुटली की स्नायू लुळा. हे अर्धंच बरोबर आहे. हुकूम मेंदूच्या ज्या पट्टीतून निघतात तिचा नकाशा इथेच माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्डने १९३० च्या दशकात काढला, जाग्या पेशंटच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून. त्यात हाताला नि चेहऱ्याला ऐसपैस जागा आहे, मांडीला जेमतेम. तिथून आणि शेजारच्या भागांतून प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख तंतू निघतात, बहुतेक मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात आणि मज्जारज्जूतून खाली उतरतात. सोबत तोल आणि स्नायूंचा ताण सांभाळणारे वेगळे मार्ग असतात. पण मज्जारज्जूत खालीही स्थानिक सर्किटं आहेत, ती वरच्याला न विचारता पाय उडवू शकतात. वरून येणाऱ्या मार्गांचं निम्मं काम म्हणजे त्यांना आवरणं. हे मार्ग दाबले गेले की आवर सुटतो. पाय लुळा नाही, कडक होतो. अंगठा वर जातो, तान्ह्या बाळाचा जातो तसा, कारण त्याचे हे मार्ग अजून तयार झालेले नसतात. शुगरने पायाच्या नसा गेल्या असत्या तर हातोडीने पाय कमी उडाला असता. म्हणजे पहिलं निदान नेमकं उलटं होतं.

बाबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे लाइन तुटलेली नाही. वरचा कंट्रोल सुटलाय, सबस्टेशन आपल्या मनाने चाललंय." डॉक्टरांना मी भाषांतर करून सांगितलं, ते खूष झाले.

एमआरआयमध्ये मानेतली नळी अरुंद झालेली, मज्जारज्जू चेपलेला. नाव डिजनरेटिव्ह सर्व्हायकल मायलोपॅथी. कॅनडात मज्जारज्जू म्हटलं की लोकांना रिक हॅन्सन आठवतो. १९७३ मध्ये ट्रकचा अपघात, मग १९८५ ते ८७ मध्ये व्हीलचेअरवरून ३४ देश, ४०,००० किलोमीटर. पण मोठ्या माणसांत मज्जारज्जू बिघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण अपघात नव्हे, ही मानेतली झीज. आधी समज असा की ऑपरेशनने फक्त पुढचं बिघडणं थांबतं. टोरांटोच्या मायकेल फेलिंग्ज यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की बऱ्याच जणांची सुधारणाही होते. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मध्यम नि तीव्र आजाराला ऑपरेशनच. बाबा मध्यममध्ये बसत होते.

सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा विमा लागतो, तो होताच. कंपनीचं उत्तर: आजार इथे येण्याआधीचा, हळूहळू वाढलेला, इमर्जन्सी नाही. वादावादीत तीन आठवडे गेले, तेवढ्यात बाबा जिना उतरताना दोनदा धडपडले. शेवटी मीच त्यांना घेऊन पुण्याला गेलो. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पडायचं नाही आणि मान कोणाकडून मोडून घ्यायची नाही. बाबा चाळीस वर्षं दर महिन्याला न्हाव्याकडे मान कडकड मोडून घेत आलेत! त्यानेच झालं असं नाही म्हणा, पण आईला मुद्दा मिळाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पाठीमागून ऑपरेशन झालं. चालणं बरंच सुधारलं, काठी सुटली. बोटं तेवढी नाही सुधारली. आधी तीन महिने वाया गेले नसते तर? सर्जनना विचारलं, ते म्हणाले, सांगता येत नाही.

घरी करता येईल अशी एक तपासणी लिहून ठेवतो. दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडायची-मिटायची, साधारण २० वेळा जमायला हवं. बाबांची जानेवारीत ११ झाली होती. हल्ली दर रविवारी व्हिडिओवर मी मोजतो, गेल्या खेपेला १६. आईने त्यांच्या सगळ्या शर्टांना टिचबटणं लावून दिली आहेत. ते शर्ट ते घालत नाहीत.