चोरबाजारातलं पितळ, थंडीतला मटार

वन बीएचकेला हटके लूक हवाय? मग शनिवारी सकाळी ग्रॅण्ट रोडला उतरा आणि चोरबाजारातली मटण स्ट्रीट गाठा. (शुक्रवारी दुकानं बंद!) ग्रामोफोन, सिनेमांची पोस्टर्स सगळेच बघतात; आपण पितळी पातेलं शोधायचं. ‘अ‍ॅण्टिक’ म्हटलं की भुलू नका, बराचसा माल नवाच असतो. उचलून बघा, हाताला वजन लागलं पाहिजे. पण थेट गॅसवर चढवू नका. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, पोटालाही बाधतो. कल्हईवाला हल्ली दारावर क्वचितच येतो, भांड्यांच्या दुकानात विचारा. कथलाचा तो चंदेरी थर चढला की कोवळा मटार, ओलं खोबरं, आलं-मिरचीचं वाटण, वरून लिंबू. उसळ पातेल्यासकट टेबलावर. पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतून, गरमच आणा.