सरण आणि शरण

पाली भाषेत 'श' नाही. 'ष'ही नाही. संस्कृतातले तिन्ही ऊष्मवर्ण तेथे एकट्या 'स'मध्ये विलीन झाले आहेत. व्याकरणाच्या अगदी सुरुवातीच्या तासांत शिकवली जाणारी ही गोष्ट. ती शिकून ज्या दिवशी मी घरी आले, त्याच संध्याकाळी आजीला टोकले.

आजी रोज दिवेलागणीला त्रिशरण-पंचशील म्हणत असे. १९५६ च्या ऑक्टोबरात, ती सोळा वर्षांची असताना, आईवडिलांबरोबर ती नागपूरला गेली होती. शाळेत फार तर दोन इयत्ता झालेल्या. वंदनेची छापील पुस्तिका तिच्या हाती पुष्कळ नंतर आली. तोवर ऐकून ऐकूनच सारे पाठ झाले होते. तिच्या तोंडी 'सरणं'चे 'शरणं' होते आणि 'सिक्खापदं'चे 'शिक्खापदं'. "आजी, तिथे श नाहीच मुळी. स म्हण," मी म्हणाले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, वंदना तशीच पुरी केली आणि हात जोडून उठली. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर तिने मोठ्याने म्हणणे बंद केले. ओठ हलत, आवाज येत नसे.

मी तेव्हा नोकरी सांभाळून पालीचा अभ्यास करीत होते. पालीच्या वर्गाचे एक वैशिष्ट्य असते: त्यात तरुण विद्यार्थी थोडे आणि निवृत्त कारकून, शिक्षक, परिचारिका, पोस्टमन पुष्कळ. पहिल्या बाकावर काषाय वस्त्रातले दोनतीन भिक्खू. शिकवणारे सर संस्कृताच्या वाटेने पालीकडे आलेले. त्यांच्यापाशी प्रत्येक शब्दाची वंशावळ तयार असे. भिक्खूंपैकी एक विदर्भातले होते आणि काही वर्षे श्रीलंकेतल्या एका पिरिवेणात राहून आले होते. त्यांना व्याकरणाचे सूत्र पटकन आठवत नसे, पण सुत्ताचा आरंभ कानी पडला की पुढची पाने ओघाने येत.

एकदा सर एक सुत्त वाचीत असताना भंते हळूच म्हणाले, "सर, आम्ही हे जरा वेगळे म्हणतो." सरांनी पुस्तकाची तळटीप पाहिली. सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितांतले पाठभेद तेथे बारीक टायपात दिले होते. भंतेंच्या तोंडचा पाठ सिंहली हस्तलिखितांतला निघाला. सरांनी खिशातली पेन्सिल काढून समासात एक खूण केली आणि पुढे वाचू लागले. प्रसंग एवढाच. परंतु तळटिपेत जे मी मृत समजत होते ते पहिल्या बाकावर जिवंत बसले आहे, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

'पिरिवेण' हा शब्द पालीतल्या 'परिवेण'वरून आला. मूळ अर्थ भिक्खूची खोली, तिच्याभोवतीचे आवार. राहण्याच्या जागेचे नाव सिंहलीत शिकण्याच्या जागेला मिळाले. विद्या ही कोठे जाऊन घ्यायची वस्तू नसून कोणाच्या सहवासात राहून मिळवायची गोष्ट आहे, असे तो शब्दच सांगतो. कोलंबोच्या माळिगाकंद भागात १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल थेरांनी विद्योदय पिरिवेण स्थापन केले. दोन वर्षांनी पेलियगोड येथे विद्यालंकार पिरिवेण उभे राहिले. वसाहतीच्या काळात मिशनरी शाळांचे प्रस्थ वाढलेले असताना गृहस्थांच्या दानावर चाललेल्या या शाळा होत्या. पालीबरोबर तेथे संस्कृतही शिकवले जाई. युरोपातले पाली पंडित शंका आल्या म्हणजे लंकेतल्या थेरांना पत्रे लिहीत. ऱ्हीस डेव्हिड्स आणि कोशकार चिल्डर्स या दोघांनीही पालीचे पहिले धडे लंकेतल्या एका भिक्खूच्या पायाशीच गिरवले होते. पुढे लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने छापलेले जे ग्रंथ आपण प्रमाण मानतो, त्यांच्या मागे ही अशी आवारे आहेत.

विद्योदयाच्या त्या आवारात १९०२ साली गोव्याच्या साखवाळचा एक तरुण जाऊन पोहोचला. बुद्धाविषयी त्याने पहिल्यांदा वाचले होते ते 'बालबोध' मासिकात. त्या ओढीने तो पत्नी आणि लहान मुलगी मागे ठेवून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असे करीत लंकेला गेला. धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना मला नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. काशीच्या अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकलेला हा सारस्वत ब्राह्मण सुमंगल थेरांपुढे बसला, तो श्रामणेर म्हणून. जवळचे संस्कृत तेथे उपयोगी पडले असेल, पण सिंहली लिपीची अक्षरे त्याला लहान मुलासारखी नव्यानेच ओळखून घ्यावी लागली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन तेथली लिपीही तो शिकला.

कोसंबींनी नंतर चीवर उतरवले. हार्वर्डला जाऊन त्यांनी 'विसुद्धिमग्गा'च्या वॉरन यांच्या संपादनावर काम केले. तो ग्रंथ छापून आला १९५० साली. तोवर वॉरन जाऊन अर्धशतक लोटले होते आणि कोसंबी जाऊन तीन वर्षे. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांत पु. वि. बापट होते आणि चिं. वि. जोशीही होते. चिमणरावाचा जनक पालीचा प्राध्यापक होता, हे आज कित्येकांना ठाऊकही नसते.

विद्यालंकारातले उदाहरण मला याहून अधिक बोलके वाटते. राहुल सांकृत्यायन १९२७ साली तेथे गेले ते भिक्खूंना संस्कृत शिकवण्यासाठी. शिकवता शिकवता त्याच भिक्खूंकडून ते त्रिपिटक शिकले. १९३० साली तेथेच त्यांनी प्रव्रज्या घेतली. त्यांच्या पाठोपाठ गेलेले आनंद कौसल्यायन १९२८ मध्येच भिक्खू झाले होते. एकाच आवारात आचार्य कोण आणि अंतेवासी कोण, हे विषयागणिक बदलत होते. त्यात कोणाला कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

आपल्याकडे मात्र या विद्येचे दोन प्रवाह झाले आणि ते बराच काळ एकमेकांना न भेटता वाहत राहिले. एक फर्ग्युसनमधून निघाला. त्याने संपादने दिली, व्याकरणे दिली, मराठी भाषांतरे दिली. दुसरा दीक्षाभूमीवरून निघाला. डॉ. आंबेडकर गेल्यावर मुंबईत त्यांच्या अंत्यसंस्कारांच्या वेळी जमलेल्या अथांग समुदायाला धम्मदीक्षा दिली ती कौसल्यायनांनीच, आणि त्यांची अखेरची वर्षे नागपुरात गेली. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश आणि व्याकरण सिद्ध करण्याचे काम हाती घेतले होते. ते छापले गेले १९९८ मध्ये. मधल्या चार दशकांत लाखो घरांतून पाली रोज म्हटली जात होती आणि महाविद्यालयांतून मोजक्या बाकांवर शिकवली जात होती. म्हणणाऱ्यांना अर्थ सांगायला कोणी फारसे गेले नाही, शिकवणाऱ्यांना त्या म्हणण्याचा आवाज फारसा ऐकू आला नाही. मी त्या दोन्हींच्या मधोमध उभी होते. संधी मिळताच मी पहिल्या प्रवाहाची भाषा वापरून दुसऱ्या प्रवाहाला गप्प केले, आणि तो दुसरा प्रवाह माझ्याच घरात राहत होता.

भंते एकदा भोजनदानासाठी आमच्या घरी आले. आजीने सारा स्वयंपाक स्वतः केला. जेवणानंतर वंदनेची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "आजी, तुम्ही सांगा. आम्ही मागून म्हणतो." आजीने माझ्याकडे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाली, "भंतेजी, माझं अशुद्ध आहे. ही शिकली आहे, हिला सांगा."

भंते हसले. म्हणाले, "ब्रह्मदेशातले भिक्खू 'स' म्हणत नाहीत. जीभ दाताला लावून 'थ'सारखं काहीतरी म्हणतात. थायलंडमध्ये 'ब'चा 'फ' होतो. सिंहली लोक अनुस्वार नाकातून लांबवून 'ङ्'वर नेतात. प्रत्येक देशाचं तोंड वेगळं. तुमचं मराठी आहे. सांगा तुम्ही."

आजीने सांगितले. 'शरणं' असेच सांगितले. भंतेंनी मागून म्हटले, आणि मला स्पष्ट ऐकू आले, त्यांनी 'सरणं' असेच म्हटले. तिला त्यांनी दुरुस्त केले नाही आणि स्वतःचा पाठही सोडला नाही.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सर चुकले नव्हते. पालीत 'श' नाही, हे खरेच आहे. काहीही चालते, असे म्हणून विद्या टिकत नाही; ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले त्यांना तर नेमकेपणाचा हक्क सर्वांआधी मिळायला हवा. 'तुमचे तसेच चालू द्या' यातही एक तुच्छता दडलेली असते. माझी चूक व्याकरणाची नव्हती, आसनाची होती.

'आसन' हा शब्द मी जातकातून उचलला आहे. छवक जातकात बोधिसत्त्व चांडाळ कुळात जन्मलेला असतो. बायकोच्या डोहाळ्यांसाठी तो राजाच्या बागेत रात्री आंब्याच्या झाडावर चढतो आणि उजाडल्यामुळे वरच अडकतो. खाली राजा पुरोहिताकडून विद्या घ्यायला येतो. राजा उंच आसनावर, शिकवणारा खाली. चांडाळ झाडावरून उतरून सांगतो, की आपण तिघेही चुकलो: मी चोरी केली म्हणून, तुम्ही उंचावर बसून विद्या घेता म्हणून, आणि हे खाली बसून ती देतात म्हणून. शिकवणाऱ्याने खाली बसून उंचावरच्याला धम्म सांगू नये, असा विनयातला नियम आहे, आणि ही कथा त्याच्याशी जोडलेली आहे. वर्गात ती वाचली तेव्हा मी पुरोहिताच्या विभक्तिरूपांत गुंतले होते. आजीच्या बाबतीत आपण त्या राजाच्या जागी आहोत, हे कळायला बराच वेळ गेला. जिच्या तोंडून मी पालीचा पहिला शब्द ऐकला, तिला मी उंचावर बसून 'स' शिकवायला निघाले होते.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. त्याच पालीला २०१३ मध्ये केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून वगळले गेले होते. दर्जे येतात, जातात. त्या संध्याकाळी मी आजीशेजारी चटईवर बसले होते. ती आता पंच्याऐंशीची आहे, मधले एखादे शील विसरते आणि थांबते. मी पुढचा शब्द सांगते. ती तो उचलते आणि आपल्या 'श'ने पुढे जाते. मी मागून 'स' म्हणते. कोणाचाही आवाज बंद होत नाही.