उन्हाच्या बाजूने

नागपूरची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. या शहराचं नाव उन्हाळ्याशी कायमचं जोडलं गेलंय. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि हा आकडा नागपूरकर परगावी जरा अभिमानानेच सांगतो. पण २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तोच पारा ३.५ वर उतरला होता, हे कुणी सांगत बसत नाही. समुद्र दोन्ही बाजूंनी फार लांब. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब सोडून देते आणि ती अडवायला वर ढग नसतात. त्यात उत्तरेचा वारा सुटला की संपलंच.

शिवाय घरं सगळी उन्हाळ्याच्या धास्तीने बांधलेली. उंच छत, जाड भिंती, शहाबादी फरशी, खिडकीला कूलरची चौकट. मे महिन्यात जीव वाचवणारं हे सगळं डिसेंबरात अंगावर येतं. बाहेर असतो त्याहून जास्त गारठा घरात असतो. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी नागपूर घराबाहेर बसतं. फाटकाशी, ओट्यावर, गच्चीवर पालथ्या घातलेल्या कूलरच्या टपांशेजारी. ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकतात. वर्तमानपत्र वाचणारा माणूस पहिल्या पानाला कुंपणाशी असतो, तो शेवटच्या पानापर्यंत पायऱ्यांवर आलेला असतो.

मी नोकरीनिमित्त पुण्याला असते आणि वर्षअखेरीची सुट्टी जमवून घरी येते. माहेरी आलेल्या मुलीला काम सांगायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. सकाळी उठेपर्यंत चहा तयार. जेवायला बसले की ताटात तुरीच्या सोल्यांची आमटी, वांग्याचं भरीत, सांबारवडी. ताट उचलायला गेले की आई म्हणते, "राहू दे, मी करते." या लाडाला दुसरी बाजूही आहे. जिला काम सांगत नाहीत, ती पाहुणी. नळाला पाणी किती वाजता येतं, गॅसचं सिलिंडर कधी लावलं, बाबांची रक्तदाबाची गोळी बदलली का, यातलं मला काहीच ठाऊक नसतं. विचारलं तर उत्तर मिळतं, पण कुणी आपणहून सांगत नाही.

शेवटच्या दिवशी मात्र सकाळी चहाबरोबर यादी येते. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, आईच्या बारीक अक्षरात. बाबांचं घड्याळ. कुकरचं रबर आणि शिटी. बँकेत पासबुक. रजई पिंजून आणणे. मिरची, हळद, खसखस, दगडफूल. नवीन कालनिर्णय. संत्री (तुझ्या ऑफिससाठी, घट्ट सालीची). गाडी रात्रीची, बॅग अजून भरायची, आणि यादी पाकिटाच्या दुसऱ्या बाजूला वळलेली.

रजई चादरीत बांधून तिचं गाठोडं झालं. ते काखेत घेऊन मी सुभाषनगरच्या मेट्रो स्टेशनात गेले. तपासणीच्या पट्ट्यावरून माझं गाठोडं आत गेलं तेव्हा पडद्यावर नेमकं काय दिसलं कुणास ठाऊक, पण तिथल्या बाईने विचारलं, "पिंजायला का?" मी हो म्हटलं. "आमचीही राहूनच गेली यंदा," ती म्हणाली आणि पुढच्या बॅगेकडे वळली.

सुभाषनगर सोडलं की मेट्रो अंबाझरीच्या कडेने जाते. सकाळी तलावावर धुकं असतं. काठावर फिरायला आलेली माणसं कानटोप्या आणि मफलरीत इतकी गुंडाळलेली असतात, की चालीवरूनच ओळखावीत. डब्यात मात्र प्रत्येकाकडे काही ना काही काम होतं. कुणाच्या मांडीवर एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या पायाशी दुरुस्तीला निघालेला मिक्सर. बाकीचे दिवस मी याच मेट्रोने फिरले होते, कधी मैत्रिणीकडे, कधी नाटकाला. तेव्हा खिडकीतून शहर बघत होते. आज मांडीवर गाठोडं होतं आणि बाहेर बघायचं लक्षातही राहिलं नाही.

शंकरनगरला उतरून आधी बँक. सव्वादहाला दारासमोर ज्येष्ठ नागरिकांची रांग होती, पण सरळ नव्हती. इमारतीची सावली जिथे संपते तिथून ती वाकडी होऊन उन्हात गेली होती. क्रम कुणाचाच चुकत नव्हता. पासबुक छापून झाल्यावर खिडकीतल्या मुलाने आणखी एक कागद पुढे केला. बाबांच्या खात्याची वारसनोंद नव्याने भरायची होती. नाव, नातं, पत्ता. बाबांनी सही आधीच करून ठेवली होती, म्हणजे हे काम यादीत नसलं तरी त्यांच्या मनात होतं. मी नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. असल्या कागदाबद्दल घरी समोरासमोर बोलणं आमच्याकडे कुणाला जमलं नसतं. बँकेच्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना, ते दोन मिनिटांत झालं.

बर्डीवर पोचेपर्यंत स्वेटर कमरेला आला होता. अधिवेशन आटोपलं होतं. बहुतेक वर्षी डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात भरतं, १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेला हा शब्द. तेवढे दिवस शहर मोर्च्यांचं आणि पोलिसांचं होतं, मग एका दिवसात रिकामं होतं. रस्त्याच्या कडेला बांबूचे अडथळे सोडवून ट्रकमध्ये भरणं चालू होतं. एक म्हातारा उरलेल्या सुतळीची गुंडाळी करत होता.

समोर सीताबर्डीची टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरात इथे भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली, दोन दिवसांत निकाल लागला आणि नागपूरचं राज्य हातातून जायला सुरुवात झाली. शाळेत असताना आम्हाला हे टेकडीकडे बोट दाखवून शिकवलं होतं. आता टेकडीच्या पायथ्याशी सगळ्यात चुरशीची लढत पायमोजे विकणाऱ्यांमध्ये असते.

घड्याळवाले 'मोदी नंबर दोन' नावाच्या गल्लीत, एका जिन्याखाली बसतात. बाबांचं घड्याळ एचएमटी पायलट, काळ्या तबकडीचं, रोज चावी द्यायचं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावलं. सुटे भाग येतात ते दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळांतून. घड्याळवाल्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "तेल वाळलं आहे ताई. थंडीत आणखी घट्ट होऊन राहते. दिवसाला किती मागे पडते?"

मला माहीत नव्हतं. मी बाबांना फोन लावला. बाबांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "सहा मिनिटं. मागच्या महिन्यात चार होती." घड्याळवाल्यांनी मान डोलावली. मग ते दोघं माझ्या फोनवरून बोलत राहिले, बॅलन्स व्हीलबद्दल, केसासारख्या स्प्रिंगबद्दल, एकेकाळी या घड्याळासाठी नंबर लावावा लागायचा त्याबद्दल. मी गाठोडं सांभाळत उभी होते. बाबा माझ्याशी फोनवर इतकं बोलत नाहीत. ते फक्त "बरं आहे ना" विचारतात आणि फोन आईकडे देतात.

"संध्याकाळी या," घड्याळवाले म्हणाले. "करून ठेवतो."

अग्रसेन चौकाला उतरलं की इतवारी सुरू होते. ओळीच ओळी: सराफ्याची, किराण्याची, भांड्यांची. गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन जमिनीवर पोचायला दुपार व्हावी लागते, आणि पोचतं तेही हातभर रुंदीचं. त्या पट्ट्यात दुकानदार बाहेर येऊन उभे असतात. गिऱ्हाईक आत, दुकानदार बाहेर, आणि भाव उंबऱ्यावर ठरतो.

पिंजारीचाचांच्या दुकानात सगळ्यावर कापसाची पांढरी भुरभुर बसलेली होती. चाचांच्या भुवयाही पांढऱ्या, पण त्यातलं वय किती आणि कापूस किती ते सांगणं अवघड. त्यांनी रजईची शिवण उसवली, कापसाची मूठ काढली, बोटांनी चिमटून ताणली. "रुई अच्छी है बेटा. पुरानी है, पर रेशा लंबा है. फेकना मत." यंत्राच्या तोंडात दडस झालेला, चपटा कापूस गेला आणि दुसऱ्या बाजूने त्याचा ढीग वर येऊ लागला. ऊब मुळात कापसात नसतेच. ती कापसाच्या तंतूंमध्ये अडकून पडलेल्या हवेत असते. वर्षानुवर्षं अंगाखाली आणि अंगावर दाबली गेली की रजईतली हवा निघून जाते. वजन तेवढंच राहतं, गरमी जाते. पिंजणं म्हणजे त्या कापसात पुन्हा हवा भरणं. नवा कापूस घालायची गरज पडली नाही. खोळ तेवढी नवी घेतली.

टाके पडेपर्यंत किराणा ओळीत गेले. भिवापुरी मिरची, देठं काढलेली. वायगावची हळद, तिचा रंग बोटांना लागला तो पुण्यापर्यंत राहणार. दुकानदाराने विचारलं, "मसाला कोण करते घरी?" आई, म्हटलं. "मग दगडफूल जुनं नको, हे नवं न्या," म्हणून त्याने आधी काढलेलं परत टाकलं. कुकरचं रबर घेताना मात्र प्रश्न आला: किती लिटरचा? पुन्हा फोन. कालनिर्णय घेताना दोनदा विचारावं लागलं नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं हे कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्यावर लटकत आलंय. आई त्यात दुधाचे खाडे लिहिते आणि सिलिंडरची तारीख. मी तिथेच उभ्या उभ्या नव्या वर्षाची पानं चाळली. चतुर्थ्या आणि एकादशा नाही पाहिल्या. जोडून येणाऱ्या सुट्ट्या पाहिल्या.

एखादं शहर आपलं कधी असतं, याचा विचार मी त्या दिवशी पायी चालताना बराच केला. जन्म झाला म्हणून, शाळा इथली म्हणून, घर इथे म्हणून, ही सगळी उत्तरं कागदावर खरी आहेत. पण जन्मगावी पाहुणं होऊन राहणारी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत, मीही त्यांतलीच. शहर आपलं असतं ते तिथे आपलं काही काम असतं तोवर. जिन्याखालच्या घड्याळवाल्याला आपली वाट पाहावी लागते, कुणाच्या तरी दुकानात आपली रजई अर्धी उसवलेली पडलेली असते, दुपारी कोणत्या गल्लीत ऊन येतं ते पायांना कळतं. प्रेक्षणीय स्थळं पाहुण्यांसाठी असतात. राहणाऱ्याला दीक्षाभूमीपेक्षा कुकरचं रबर कुठे मिळतं हे जास्त वेळा लागतं, आणि त्यात दीक्षाभूमीचा काही अनादर नाही.

संत्री कॉटन मार्केटजवळ घेतली. आंबिया बहार संपत आलेला. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण टोपली पुढे ठेवून बसलेल्या बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या एकेक फळ तळहातावर तोलून बाजूला काढत होत्या. "फुगलेलं दिसते ते घेऊ नका बाई, आतून सुकलेलं राहते. लहान दिसते पण वजनाले भारी, ते घ्या." रंग यंदा छान आलाय, मी म्हटलं. "थंडी पडली ना," त्या म्हणाल्या. खरंच आहे ते. रात्री गार झाल्या की सालीतला हिरवा रंग ओसरतो आणि केशरी वर येतो. ज्या गारठ्याने आम्ही कुडकुडत होतो, त्याच्यावर त्यांचा हंगाम उभा होता. खोक्यात तणस घालून त्यांनी संत्री भरली, वरून दोन जास्तीची ठेवली.

बर्डीला घड्याळ तयार होतं. सुभाषनगरला उतरले तेव्हा दिवे लागलेले, स्वेटर पुन्हा अंगात, एका हातात खोकं, काखेत रजई. ती जाताना होती त्याच्या दुप्पट फुगलेली, मेट्रोच्या दारातून तिरकी करून काढावी लागली.

घरी यादीवर एकेक ओळ खोडत गेलो. बाबांनी घड्याळ कानाला लावलं, भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं आणि घड्याळवाले आणखी काय म्हणाले ते मला सगळं विचारलं. आईने मिरची हुंगली, दगडफूल चिमटीत धरून उजेडात पाहिलं, पसंत केलं. बॅग उघडीच पडली होती आणि गाडीला थोडाच वेळ उरला होता. मी जराशा त्राग्याने म्हटलं, "आई, पुढच्या वेळी ही यादी पहिल्या दिवशी देत जा. सगळं आरामात झालं असतं."

"पहिल्याच दिवशी दिली असती," ती मसाल्याच्या पुड्यांना रबरबँड लावत म्हणाली, "तर मग आज काय केलं असतं तू? बॅगेकडे बघत बसली असती नं दिवसभर. आणि आम्ही तुझ्याकडे."

मग तिने पुड्या माझ्या हातात दिल्या. "ह्या वरच्या कप्प्यात ठेव. खाली ठेवल्या तर सगळ्या कपड्यांना मिरचीचा वास लागेल."