अब्बांचं जेद्दा

आमच्या घरात पत्र्याची एक हिरवी पेटी आहे. तिच्यात निकाहनामा, जागेची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि अब्बांचे जेद्द्यातले तेवीस फोटो. अब्बा 1991 मध्ये गेले आणि 2006 मध्ये कायमचे परत आले. मधल्या पंधरा वर्षांत दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. आम्हा भावंडांना वडील जेवढे पत्रांतून आणि कॅसेटमधून मिळाले, तेवढेच या फोटोंतून मिळाले.

प्रत्येक फोटोत अब्बा एकाच पद्धतीने उभे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हात मागे. पाठीशी मात्र दर वेळी काहीतरी अजब. कुठे काँक्रीटच्या ठोकळ्यातून बाहेर आलेल्या मोटारी. कुठे मशिदीत टांगतात तसले कंदील, पण इमारतीएवढे. कुठे समुद्रातून आभाळात चढलेला पाण्याचा खांब. आणि सगळ्यांत मोठी मौज म्हणजे ती सायकल. चार मजली घराच्या उंचीची, चौकाच्या मधोमध उभी. जेद्द्यात अम्मा हव्वांची कब्र आहे अशी जुनी समजूत आहे. तेव्हा ही सायकल बाबा आदमची, असं अब्बांनी पत्रात लिहिलं होतं. आम्ही ते खरं मानलं, मदरशात जाऊन सांगितलं आणि मौलवीसाहेबांकडून कान पिळून घेतले.

सोलापुरात आमच्या मोहल्ल्यातली पोरं हे फोटो बघायला यायची. विचारायची, तुझे अब्बा तिथे काय करतात? आम्ही सांगायचो, बलदियात आहेत. बलदिया म्हणजे नगरपालिका, एवढं आम्हाला ठाऊक होतं. आम्ही मनातल्या मनात एक टेबल, एक पंखा आणि एक शिक्का मांडून ठेवला होता.

अब्बा परत आले त्या वर्षी एका लग्नाच्या दावतीत त्यांच्याच खोलीवर राहून आलेले एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता म्हणाले, "तुम्हारे अब्बा जैसा झाडों को पानी देनेवाला नहीं देखा. एक पौधा सूखने नहीं देते थे." बलदियाचं काम ठेकेदाराकडे, आणि अब्बा ठेकेदाराकडे. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातली झाडं, चौकातली हिरवळ, कोर्निशवरची फुलझाडं.

त्या दिवशी आम्हाला वाईट वाटलं. हे इथे स्पष्टच लिहितो, कारण कशाचं वाईट वाटलं तेही आम्हाला माहीत आहे. वडिलांनी लपवलं याचं नव्हे, तर वडील माळी निघाले याचं. पुढे बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी, आधी एकाने आणि दोन वर्षांनी दुसऱ्याने, 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात एकच उत्तर भरलं: नोकरी, परदेश. तेव्हा अब्बा घरीच होते. अंगणातल्या कडुनिंबाखाली खाट टाकून बसलेले असायचे. त्यांनी तो फॉर्म पाहिला होता की नाही, कोण जाणे. आम्ही कधी विचारलं नाही, आणि 2019 मध्ये ते गेले.

2024 मध्ये दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढली आणि आम्ही दोघं अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो. मक्केहून जियारतीला निघालेल्या बसने अराफातच्या मैदानात आणलं. हाजींविना ते मैदान मोकळंच पडलं होतं, पण उजाड नव्हतं. नजर जाईल तिथपर्यंत झाडांच्या रांगा. अम्मी खाली उतरली, एक फांदी वाकवली, पान तोडून दातांखाली धरलं.

"ये तो अपनाच निम है रे!"

कडुनिंबच होता. हाजींना सावली मिळावी म्हणून या मैदानावर हजारोंनी कडुनिंब लावले आहेत. कमी पाण्यावर जगतो, उन्हाला भीत नाही. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

उमरा झाल्यावर आम्ही दोन दिवस जेद्द्यात राहिलो. तिथेही पहिला कडुनिंबच भेटला. अल-बलद ही जुनी पेठ, 2014 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची उंच घरं आणि त्यांना लाकडी जाळीचे रोशन, म्हणजे बाहेर आलेले सज्जे. त्या पेठेत बैत नसीफ नावाचा वाडा आहे. 1881 च्या सुमारास बांधून झालेला, शंभरावर खोल्यांचा. 1925 मध्ये शहर ताब्यात आल्यावर बादशहा अब्दुल अझीझ इथेच उतरले होते. वाड्याचा जिना एवढा रुंद आणि सवंग, की सामान लादलेला उंट थेट वरपर्यंत जायचा म्हणतात. दारात एक जुनं झाड. कितीतरी वर्षं तटबंदीच्या आतलं हे एकच झाड होतं, त्यामुळे पत्त्यावर 'झाडवालं घर' एवढं लिहिलं तरी पत्र पोचायचं. हे झाड कडुनिंबाचं आहे आणि ते हिंदुस्थानातून आलं असं मानतात.

अम्मी त्या झाडाखाली बसली ती उठेचना. वाड्याच्या आत यायलाही तयार नव्हती. शेवटी आम्हीच वर जाऊन आलो.

हे शहर फुकट हिरवं झालेलं नाही. वर्षाला सरासरी 50-60 मिलिमीटर पाऊस, तोही आला तर एकदम. नोव्हेंबर 2009 मध्ये काही तासांत एवढा कोसळला, की पुरात शंभरावर माणसं गेली. नदी नाही, तळं नाही. पूर्वी टाक्यांत साठवलेलं पावसाचं पाणी उंट-गाढवांवरून विकत यायचं. पुढे तुर्कांच्या काळात समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारं यंत्र आलं, त्याला लोक 'कंदासा' म्हणू लागले. मूळ शब्द कंडेन्सर. आजही प्यायचं पाणी समुद्रातूनच येतं. एवढं महाग पाणी झाडांना कोण घालणार? झाडांना शहराचं सांडपाणी शुद्ध करून देतात. अब्बा सुट्टीवर आले की आंघोळीला अर्धा-अर्धा तास लावायचे आणि दोन-दोनदा साबण मागायचे. तेव्हा आम्ही हसायचो.

कोर्निशवर हिंडताना मुळांशी काळे नळ गेलेले दिसले. खजूर ओळीने उभे. कोनोकार्पस नावाचं एक झाड जिथे तिथे. झपाट्याने वाढतं आणि मुळं पाण्याच्या शोधात थेट पाईपात शिरतात, म्हणून आता त्याच्या नावाने ओरड. भिंतीभिंतीवरून बोगनवेल ओसंडत होती. तिला तिथले लोक 'जहन्नमिया' म्हणतात! एवढ्या देखण्या वेलीला हे नाव का, कळेना. काटे टोचून घेतलेल्या एखाद्या माळ्यानेच ठेवलं असावं.

आणि ते पुतळे. पुतळे म्हणणंही चूकच. तेलाच्या पैशाचा पूर आला त्या काळात, 1972 ते 1986, मुहम्मद सईद फारसी हे जेद्द्याचे महापौर होते. त्यांनी शहरभर चौकाचौकांत शेकड्यांनी शिल्पं उभी केली. हेन्री मूर, काल्डर, मिरो अशा जगभर नाव असलेल्यांची कामं मागवली. सायकल आणि त्या अडकलेल्या मोटारी स्पेनच्या हुलिओ लाफुएन्ते यांच्या. पण एवढ्या पसाऱ्यात माणसाचा चेहरा नाही. मुस्लिम शहर, तेव्हा चेहरे नकोत, एवढं पथ्य पाळलं. मूरसारख्या, आयुष्यभर माणसाचा देह घडवणाऱ्या शिल्पकाराचंही इथे बिनचेहऱ्याचं काम आहे. आमचे दादा अब्बांचा फोटो नमाजच्या खोलीत लावू देत नसत, त्यांना हे शहर पटलं असतं. त्यातली वीसेक मोठी शिल्पं दुरुस्त करून आता किनाऱ्यावरच्या एका बागेत मांडली आहेत. पोरं त्यांच्या भोवती लपाछपी खेळत होती.

मघाचा पाण्याचा खांब म्हणजे बादशहा फहद कारंजं. 1985 पासून चालू आहे, उंची सुमारे 260 मीटर, आणि पाणी लाल समुद्राचं, खारं. अम्मीने मान वर करून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "इत्ता पानी, और एक झाड के काम का नहीं."

सायकलीपाशी पोचायला संध्याकाळ झाली. चौकात गाड्यांचा लोंढा, त्यामुळे आम्ही पलीकडच्या फुटपाथवर थांबलो. अब्बांचा फोटो मोबाईलमध्ये घेतला होता. ते नेमके कुठे उभे होते हे ताडण्यासाठी आम्ही तो बोटांनी मोठा केला. चाक, दांडी, हिरवळ, अब्बांचे बूट. आणि खाली डाव्या कोपऱ्यात रबरी पाईपचं वेटोळं. शेकडो वेळा पाहिलेला फोटो. ती आम्हाला नेहमी सावली वाटत आली होती. नीट पाहिलं तर पँटचे पायही गुडघ्यापर्यंत ओले.

"शर्ट थैली में लेके जाते थे," अम्मी म्हणाली. "काम निपटे बाद डालते, फोटो खींचते, फिर निकालके रखते."

"तुला ठाऊक होतं?"

"पहले खत से."

तिने एवढी वर्षं आम्हाला सांगितलं नव्हतं. कदाचित आम्ही फॉर्म भरत असताना तीच जवळ बसलेली असेल.

आमच्या बाजूच्या पट्ट्यात एक पोरगेला माणूस पाईप धरून जास्वंदीला पाणी देत होता. गळ्यात रुमाल, अंगात कंपनीचा सदरा. अम्मीने सलाम केला. बांगलादेशचा होता, तोडकंमोडकं उर्दू बोलत होता. घरी कोण, पगार वेळेवर येतो का, दुपारी काय खातोस, असं सगळं अम्मीने विचारून घेतलं. कडक उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी आहे, असं तो म्हणाला. अब्बांच्या वेळी असं काही नव्हतं. अम्मीने पिशवीतून खजुराचा पुडा काढून त्याला दिला. तो नको नको म्हणत राहिला, मग घेतला.

आम्ही अम्मीला सायकलीकडे पाठ करून उभं केलं. कोन जुळेना. मागे सरकलो, बसलो, पुन्हा उठलो. तो माणूस समजूतदार, फोटोच्या मधून बाजूला झाला आणि पाईप ओढून घेऊ लागला.

अम्मीने हात वर करून त्याला थांबवलं.

"रहने दो बेटा. पाईप बी आने दो."