बर्फावरचे सहा महिने : मॅडिसनच्या विद्यार्थिनींचा हॉकी हंगाम

पर्युषण पर्वाची सांगता होते, क्षमापनेच्या भेटीगाठी आटोपतात आणि व्यापारी घरांमध्ये दिवाळीच्या मालाची लगबग सुरू होते. त्याच सुमारास, सप्टेंबरच्या अखेरीस, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसन शहरात, एक वेगळाच हंगाम सुरू होतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विद्यार्थिनींचा आइस हॉकी संघ बर्फावर उतरतो. हा हंगाम मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे महावीर जन्मकल्याणकाच्या थोडे आधी संपतो. 2024-25 सालचा हंगाम विशेष लक्षात राहण्याजोगा ठरला. त्या संघाच्या मागोमाग फिरले असता अमेरिकेचा जो भाग दिसतो, तो न्यूयॉर्क वा कॅलिफोर्निया पाहून परतणाऱ्या पर्यटकाच्या वाट्याला सहसा येत नाही.

मॅडिसन हे मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधील चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेले शहर आहे. मध्यभागी राज्य विधानभवनाचा पांढरा घुमट आणि तेथून विद्यापीठापर्यंत सरळ जाणारा, दुकाने व उपाहारगृहांनी गजबजलेला स्टेट स्ट्रीट. 1848 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ शहराच्या पश्चिमेस सरोवराच्या काठाने पसरलेले आहे. ऑक्टोबरमध्ये झाडांची पाने तांबडी-पिवळी होतात आणि ऐन हिवाळ्यात सरोवरे अशी गोठतात, की लोक त्यांवरून निर्धास्तपणे चालत जातात. अशा प्रदेशातील मुलांना बर्फावर घसरत चालण्याचे वेगळे कौतुक नसते. आपल्याकडील मुले सायकल शिकतात तितक्याच सहजपणे ती स्केटिंग शिकतात.

विद्यापीठाच्या संघांना ‘बॅजर्स’ म्हणतात. बॅजर हा बिळे खोदून राहणारा प्राणी. पण या नावामागे प्राण्यापेक्षा माणसांचीच कथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या राज्याच्या नैऋत्य भागात शिसे काढण्यासाठी आलेले खाणकामगार हिवाळ्यात डोंगरउतारावर बिळे खणून राहत. लोक त्यांना थट्टेने बॅजर म्हणू लागले. कष्टकऱ्यांना चिकटलेले हे टोपणनाव पुढे सबंध राज्याने अभिमानाने स्वीकारले.

महिला संघाचे क्रीडागृह ‘लाबान अरीना’ 2012 साली सुरू झाले. त्याची आसनक्षमता 2,273 आहे. शेजारीच ‘कोल सेंटर’ हे मोठे क्रीडागृह आहे. त्याच्या नावाशी एका व्यापारी घराण्याचा इतिहास जोडलेला आहे. पोलंडमधून आलेल्या मॅक्स कोल यांनी मिलवॉकी शहरात किराणा दुकान काढले आणि त्यातून मोठा दुकानसमूह उभा राहिला. त्यांचे चिरंजीव हर्ब कोल याच विद्यापीठात शिकले, पुढे सिनेटर झाले आणि या वास्तूसाठी त्यांनी अडीच कोटी डॉलर्सची देणगी दिली. धर्मशाळा, पाठशाळा आणि रुग्णालये दानातून उभी करण्याची परंपरा असलेल्या समाजाला हे सहज समजण्यासारखे आहे. 2017 सालच्या जानेवारीत याच कोल सेंटरमध्ये महिला संघाचा एक सामना पाहण्यासाठी 15,359 प्रेक्षक जमले होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. सुमारे 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद बर्फाच्या पटांगणावर प्रत्येक बाजूने गोलरक्षकासह सहा खेळाडू उतरतात. चेंडूऐवजी कडक रबराची तीन इंच व्यासाची चकती असते. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. वेग इतका असतो, की पाऊण मिनिटाच्या आसपास खेळाडू दमतात आणि खेळ चालू असतानाच त्यांच्या जागी दुसऱ्या उतरतात. पुरुषांच्या खेळात प्रतिस्पर्ध्यावर मुद्दाम आदळून त्याला रोखणे चालते. महिलांच्या खेळात त्यासाठी शिक्षा होते. त्यामुळे ताकदीपेक्षा चकतीची देवाणघेवाण आणि नजर यांना अधिक महत्त्व येते.

या मुलींना हे पटांगण सहजासहजी मिळालेले नाही. शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा अमेरिकेत 1972 साली झाला. तरीही विस्कॉन्सिनमध्ये महिलांचा अधिकृत हॉकी संघ मैदानात उतरला तो 1999-2000 च्या हंगामात आणि राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत महिला हॉकीला स्थान मिळाले 2001 साली. कायद्याच्या पुस्तकातील ओळ बर्फापर्यंत पोहोचण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. तोवर हॉकीची आवड असलेल्या कित्येक मुली भावांच्या संघात जागा मागत राहिल्या किंवा शाळा संपताच खेळ सोडून मोकळ्या झाल्या. त्यांची नोंद कोणत्याही विक्रमात सापडणार नाही.

संघाचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन 2002 पासून या पदावर आहेत. 1980 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन वयाच्या तरुणांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला 4-3 असे हरविले, तेव्हा त्यांतील दोन गोल जॉन्सन यांचे होते. त्यांपैकी एक त्यांनी पहिल्या भागाचा अवघा एक सेकंद उरला असताना केला होता. एवढी कीर्ती लाभलेला माणूस दोन दशकांहून अधिक काळ मुलींचा संघ घडवीत राहिला, ही गोष्ट त्या गावात फारशी बोलली जात नसली तरी जाणवते.

हंगामाचा क्रम ठरलेला असतो. बहुतेक आठवड्यांच्या शेवटी एकाच प्रतिस्पर्ध्याशी लागोपाठ दोन दिवस दोन सामने होतात. त्यांच्या गटात आठ विद्यापीठे आहेत आणि त्यांतील सहा मिनेसोटा राज्यात आहेत. त्यामुळे संघाच्या पाठोपाठ जाणाऱ्याला उत्तरेचा रस्ता धरावा लागतो. डुलुथ हे सुपीरियर सरोवरावरील बंदर. येथून लोहखनिज भरलेली अजस्र जहाजे सुटतात. आणखी वर बेमिजी हे छोटे गाव आहे. पुढे विशाल होणारी मिसिसिपी नदी उगमापासून फार दूर न जाता येथील सरोवरातून वाहते. दुसऱ्या दिशेला ओहायो राज्यातील कोलंबस. तेथील ओहायो स्टेट विद्यापीठाचे बर्फाचे क्रीडागृह जुने व लहान आहे. पण त्याच छपराखाली घडलेला संघ अलीकडच्या वर्षांत विस्कॉन्सिनचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी ठरला आहे. प्रवासात खेळाडूंच्या पिशवीत पाठ्यपुस्तकेही असतात, कारण सामना शनिवारी असला तरी सोमवारचा तास चुकत नाही.

या प्रवासात आहाराच्या बाबतीत सावध राहावे लागते. विस्कॉन्सिन हे दुधदुभत्याचे राज्य आहे. चीजचे गोळे येथे जागोजागी मिळतात. परंतु काही चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट वापरलेले असते, म्हणून विचारून घेणे उत्तम. क्रीडागृहात बटाट्याच्या तळलेल्या कापांची रेलचेल असते. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्याने मक्याच्या लाह्यांवर आणि सोबत नेलेल्या खाखऱ्यावर भागवावे. बाहेर तापमान शून्याखाली असताना रिकाम्या पोटी बसणे मात्र परवडत नाही.

हंगाम मध्यावर आला असताना, 4 जानेवारी 2025 रोजी, विस्कॉन्सिन आणि ओहायो स्टेट या दोन्ही संघांची गाठ शिकागोच्या रिग्ली फील्डवर उघड्या आकाशाखाली पडली. 1914 साली बांधलेले हे बेसबॉलचे जुने मैदान. तेथे तात्पुरते बर्फाचे पटांगण तयार करण्यात आले होते. पण या दोन संघांमधील खरा हिशेब जुना होता. 2023 च्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनने ओहायो स्टेटला 1-0 असे हरविले होते; तो एकमेव गोल तेव्हा पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या कर्स्टन सिम्सचा होता. 2024 च्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने त्याच 1-0 फरकाने परतफेड केली. विद्यापीठात खेळण्याची मुदत मोजकी असते. शेवटच्या वर्षात आलेल्या मुलींना हे कर्ज फेडण्यासाठी आणखी एक हंगाम मिळणार नव्हता.

कर्णधार केसी ओब्रायन त्यांपैकीच एक. या हंगामात तिच्या नावावर 88 गुण जमा झाले. आइस हॉकीत गोल करणाऱ्या खेळाडूप्रमाणेच तिला चकती पुरविणाऱ्या सहकाऱ्यांनाही गुण मिळतो. ओब्रायनच्या 88 गुणांपैकी 26 स्वतःच्या गोलांचे होते आणि 62 दुसऱ्यांना गोल करण्यास साहाय्य केल्याचे. देशातील सर्वोत्तम महिला विद्यार्थी खेळाडूला दिला जाणारा पॅटी काझमायर पुरस्कार अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तिला जाहीर झाला. प्रिन्स्टनची खेळाडू पॅटी काझमायर 1990 साली रक्ताच्या दुर्मीळ विकाराने अवघ्या 28 व्या वर्षी निवर्तली. तिच्या नावाने हा सन्मान दिला जातो.

अंतिम फेरी मिनियापोलिस येथील रिडर अरीनात होती. 2002 साली उघडलेले हे क्रीडागृह अमेरिकेत विद्यापीठीय महिला हॉकीसाठी खास बांधलेले पहिले म्हणून ओळखले जाते. उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनने यजमान मिनेसोटाला हरविले आणि 23 मार्च रोजी समोर पुन्हा ओहायो स्टेट उभी राहिली.

तिसरा भाग संपत आला तेव्हा फलक ओहायो स्टेटच्या बाजूने 3-2 असा होता. सहा महिन्यांत केवळ एक सामना गमावलेला संघ दुसरा, आणि तोही शेवटचा, गमावण्याच्या बेतात होता. गोलपुढच्या गर्दीत चकती अडकली. गोलरक्षकाखेरीज अन्य कोणी तेथे हाताखाली चकती दाबणे नियमाविरुद्ध आहे. जॉन्सन यांनी आक्षेप घेतला, पंचांनी चित्रण तपासले आणि विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट बहाल केला. यात एकटी खेळाडू मध्यरेषेपासून चकती घेऊन निघते आणि समोर एकटी गोलरक्षक असते. घड्याळात 18.9 सेकंद उरले होते. ही जबाबदारी सिम्सवर आली. तिने गोल केला. सामना जादा वेळेत गेला आणि तेथे 2 मिनिटे 49 सेकंदांनी पुन्हा सिम्सनेच विजयी गोल नोंदविला. अंतिम फलक 4-3, म्हणजे 45 वर्षांपूर्वी तिच्या प्रशिक्षकांनी सोव्हिएत संघाविरुद्ध पाहिलेला तोच आकडा.

विस्कॉन्सिनचे हे आठवे राष्ट्रीय विजेतेपद. 41 सामन्यांत 38 विजय, 2 बरोबरी आणि 1 पराभव असा हंगामाचा ताळेबंद राहिला. जूनमध्ये व्यावसायिक महिला लीगच्या निवडीत ओब्रायनला तिसऱ्या क्रमांकाने न्यूयॉर्कने घेतले. ही लीगदेखील जानेवारी 2024 मध्येच सुरू झालेली. त्याआधीच्या खेळाडूंना पदवीनंतर खेळून निर्वाह करण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. आजही संघातील सगळ्याच मुली तेथवर पोहोचत नाहीत. उरलेल्या स्केट्स बाजूला ठेवतात आणि आपापल्या नोकरीधंद्याला लागतात.

जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर महिलांचे बहुतेक विद्यापीठीय संघ खर्चाच्याच बाजूला मांडले जातात. पण ज्या घरात मुलीच्या शिक्षणावरील रक्कम कोणी खर्च म्हणून लिहीत नाही, त्या घराला या वहीतील खरी जमा कोणत्या पानावर आहे हे ठाऊक असते. 18.9 सेकंदांत एका मुलीने गोल केला, हे जगाने पाहिले. तिच्या पायाखाली बर्फ असावा यासाठी कोणी कायदा केला, कोणी देणगी दिली, कोणी वर्षानुवर्षे पहाटे शिकविले आणि कोणी आपला गोल बाजूला ठेवून चकती पुढे दिली. मॅडिसनला हिवाळ्यात जाणाऱ्याने सरोवर पाहावेच. पण एका शुक्रवारी संध्याकाळी लाबान अरीनात जाऊन बसावे. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या लहान मुली तेथे दिसतात. आपल्यालाही येथे खेळायला मिळेल का, हा प्रश्न त्यांना आता पडत नाही.